लॅटिनची चतुर्थी आणि आपला 'ला' : कुठे जुळतात, कुठे फसवतात?

रानजाई

मंडळी, मध्ययुगीन युरोपच्या इतिहासाची आवड आहे म्हणून घरच्या घरी लॅटिन शिकायला घेतलंय. पुस्तक इंग्रजी माध्यमाचं. कर्ता आणि कर्म या विभक्ती सुरळीत पार पडल्या, पण डेटिव्हपाशी (लॅटिनची चतुर्थी) गाडी अडली आहे. पुस्तक म्हणतं की 'टू' किंवा 'फॉर' लावून भाषांतर करा. मी मराठीतून विचार करते, त्यामुळे 'ला' लावून बघते. काही वाक्यं लगेच बसतात, काही अजिबात बसत नाहीत. उदाहरणं देते. रोमन लिपीऐवजी आपल्याच अक्षरात लिहितेय, शेवटचं अक्षर हलन्त वाचावं.

मार्कुस पुएल्लाइ रोसाम दात. मार्कुस मुलीला गुलाब देतो. हे कळलं.

लुपुस आग्नुम विदेत. लांडगा कोकराला बघतो. इथेही 'ला'च आहे, मग 'आग्नो' का नाही?

रोमाम एओ. मी रोमला जातो. पुन्हा 'ला', पुन्हा डेटिव्ह नाही.

तिबि क्रेदो. माझा तुझ्यावर विश्वास आहे. इथे मराठीत 'ला' नाही आणि लॅटिनमध्ये मात्र डेटिव्ह!

एपिस्तुला मिहि स्क्रिबेन्दा एस्त. हे तर डोक्यावरूनच गेलं. पुस्तकात याला 'कर्त्याचा डेटिव्ह' असं काहीतरी म्हटलंय आणि 'हा प्रयोग परका वाटेल' अशी तळटीप आहे.

कुणी जाणकार उलगडून सांगेल का?

चिमणराव_पुणेकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शब्दपिसाट

रानजाई, धागा आवडला. तुमची अडचण लॅटिनची कमी आणि मराठीची जास्त आहे. शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केला होता तो आठवा. द्वितीया : स, ला, ते. चतुर्थी : स, ला, ते. दोन्हीकडे तेच! 1836 साली दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण छापलं गेलं तेव्हापासून आपण संस्कृतच्या आठ खणांच्या मांडणीत मराठी बसवत आलोय. खण दोन, प्रत्यय एकच. म्हणून 'ला' दिसला की ती द्वितीया की चतुर्थी हे आपण अर्थावरून ठरवतो. लॅटिनमध्ये ते रूपावरूनच ठरलेलं असतं, एवढाच फरक.

आता मराठीतच राहून हे ओळखायची युक्ती सांगतो. सजीवाच्या जागी निर्जीव वस्तू घालून बघा.

लांडगा कोकराला बघतो. कोकराच्या जागी झोपडी घाला : लांडगा झोपडी बघतो. 'ला' गळून पडला. म्हणजे तो फक्त सजीव कर्माला चिकटलेला 'ला' होता. लॅटिनमध्ये अक्युझेटिव्ह (त्यांची द्वितीया), म्हणून आग्नुम.

मुलीला गुलाब देतो. मुलीच्या जागी देऊळ घाला : देवळाला देणगी देतो. 'ला' टिकला. 'देऊळ देणगी देतो' म्हटलं तर देऊळच देणगी द्यायला लागेल. हा खरा चतुर्थीचा 'ला', म्हणून पुएल्लाइ.

रोमसाठी उलटी चाचणी. गावाच्या जागी माणूस घाला. 'मी आजीला जातो' कुणी म्हणत नाही, 'आजीकडे जातो' म्हणतात. म्हणजे 'रोमला' मधला 'ला' दिशा दाखवतो, तिचा देण्याघेण्याशी संबंध नाही. लॅटिनमध्ये दिशा अक्युझेटिव्हनेच दाखवतात. गावाचं नाव असेल तर नुसतं रोमाम, इतर ठिकाणी आद किंवा इन लावून : आद फ्लूमेन, नदीकडे.

क्रेदो आणि स्क्रिबेन्दावर नंतर लिहितो, कुकर लावलाय.

कोल्हापुरी_रस्सा

युक्ती भारी आहे पण आजकाल टीव्हीवरचे निवेदक 'आपण या इमारतीला बघू शकता' म्हणतात. तिकडे चाचणी नापास.

शब्दपिसाट

त्या निवेदकांनी लॅटिन शिकू नये.

वसईचो_पोरगो

धागा बघून राहवलं नाही. आमच्याकडे वसईत सत्तरीपुढच्या मंडळींना अजून लॅटिन प्रार्थना तोंडपाठ आहेत. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 चालली, त्यानंतर मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीतून व्हायला लागली. त्याआधी सगळं लॅटिनच. व्याकरण कुणालाच कळत नव्हतं, पण डेटिव्हची सगळी रूपं त्या प्रार्थनांत पडलेली आहेत. एकच ओळ बघ :

ग्लोरिया पात्रि एत फिलिओ एत स्पिरितुइ सांक्तो.

पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव. लॅटिन नामांचे रूपांनुसार पाच गट पडतात, त्यातल्या तीन वेगवेगळ्या गटांतले शब्द या एका ओळीत आलेत. पातेर तिसऱ्या गटातला, त्याचं पात्रि. फिलिउस दुसऱ्या गटातला, त्याचं फिलिओ. स्पिरितुस चौथ्या गटातला, त्याचं स्पिरितुइ. सांक्तो हे विशेषण दुसऱ्या गटाचंच रूप घेऊन स्पिरितुइला जुळतं, शेवट वेगळा पण विभक्ती एकच. तक्ता पाठ करायच्या आधी ही ओळ पाठ कर, अर्धं काम होतं.

राहिला पहिला गट, तो तुझ्या पुएल्लाइमध्ये आलाच. पाचवा गट छोटा आहे : रेस (गोष्ट), त्याचं रेइ. अनेकवचनात पहिल्या-दुसऱ्या गटाला -इस, बाकीच्यांना -बुस.

आणखी एक. 'पातेर नोस्तेर' या प्रार्थनेत : एत दिमित्ते नोबिस देबिता नोस्त्रा, सिकुत एत नोस दिमित्तिमुस देबितोरिबुस नोस्त्रिस. आम्हाला आमची ऋणं माफ कर, जशी आम्ही आमच्या ऋणकोंना करतो. नोबिस आणि देबितोरिबुस नोस्त्रिस, दोन्ही डेटिव्ह. माफी ज्याला मिळते तो डेटिव्ह, जे माफ होतं ते (देबिता) अक्युझेटिव्ह.

रानजाई

वा! ही प्रार्थना मी कितीतरी युरोपीय चित्रपटांत ऐकली असेल. पण एक शंका. 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणतात त्यातला नोबिसही डेटिव्हच का?

वसईचो_पोरगो

नाही! तो आपल्या पंचमीसारखा अ‍ॅब्लेटिव्ह. प्रो नेहमी अ‍ॅब्लेटिव्ह घेतं. डेटिव्हच्या आधी शब्दयोगी अव्यय येतच नाही, हा नियम डोळे झाकून लक्षात ठेव. 'आग्नुस देई' या प्रार्थनेत 'मिसेरेरे नोबिस' आणि 'दोना नोबिस पाचेम' येतं, ते दोन्ही डेटिव्ह.

राइनकाठचा

पाकेम. :)

वसईचो_पोरगो

देवळात पाचेमच म्हणतात. तुमचे सिसेरोवाले, जुन्या रोमचे उच्चार तुमच्यापाशी ठेवा.

राइनकाठचा

ठेवतो. नवीन वाचकांसाठी : चर्चच्या उच्चारात ए-इ च्या आधीचा क 'च' होतो आणि शेवटचा आइ 'ए' होतो. पुएल्लाइ तिकडे पुएल्ले होतं. रानजाईंनी मध्ययुगीन मजकूरच वाचायचा असेल तर वसईकरांचा उच्चार त्यांना जास्त कामाचा. मी खाली जुन्या पद्धतीनेच लिहितोय.

मी जर्मनीत इतिहास शिकतो. काही विषयांना इथे लॅटिनची परीक्षा द्यावी लागते, तिला लाटिनुम म्हणतात. म्हणून नाइलाजाने या भानगडीत पडलो, आता सोडवत नाही.

'तिबि क्रेदो'बद्दल. लॅटिनमध्ये काही क्रियापदं अशी आहेत की त्यांचं 'कर्म' डेटिव्हमध्येच जातं. विश्वास ठेवणे (क्रेदो), आज्ञा पाळणे (पारेओ), इजा करणे (नोकेओ), सेवा करणे (सेर्विओ), क्षमा करणे (इग्नोस्को), दया दाखवून सोडून देणे (पार्को), हेवा करणे (इन्विदेओ), पटवून देणे (पेर्सुआदेओ), हुकूम देणे (इम्पेरो), आवडणे (प्लाकेओ). यादी याहून मोठी आहे, पण या दहांनी निम्मा मजकूर निघतो. जर्मनचाही थोडा उपयोग होतो, कारण तिथेही मदत करणे, विश्वास ठेवणे यांना डेटिव्ह लागतो. पण हेवा करण्याला जर्मनमध्ये अक्युझेटिव्ह आहे, म्हणजे तिकडेही आंधळा विश्वास नको.

रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड' महाकाव्यात, सहाव्या सर्गात पाताळात भेटलेला बाप इनीयसला रोमचं कर्तव्य सांगतो : पार्केरे सुब्येक्तिस एत देबेल्लारे सुपेर्बोस. शरण आलेल्यांना सोडून द्यायचं आणि माजलेल्यांना चिरडायचं. मराठीत दोन्हीकडे 'ना'. लॅटिनमध्ये पार्केरे डेटिव्ह घेतं म्हणून सुब्येक्तिस, देबेल्लारे अक्युझेटिव्ह घेतं म्हणून सुपेर्बोस. पहिल्यांना काहीतरी मिळतंय, दुसऱ्यांवर काहीतरी आदळतंय. ही ओळ माझ्या भिंतीवर आहे.

पाणिनीय_पोहे

राइनकाठचा यांच्या यादीकडे संस्कृतवाल्याने बघितलं तर हसूच येईल. 'रुच्यर्थानां प्रीयमाणः' : आवडण्याच्या अर्थाचे धातू असतील तर ज्याला आवडतं त्याची चतुर्थी. मह्यं मोदकः रोचते. 'क्रुधद्रुहेर्ष्यासूयार्थानां यं प्रति कोपः' : रागावणे, द्रोह, ईर्ष्या, असूया यांत ज्याच्यावर राग त्याची चतुर्थी. लॅटिनमध्ये इरास्कोर (रागावतो) आणि इन्विदेओ डेटिव्हच घेतात. 'धारेरुत्तमर्णः' : देणं लागत असेल तर सावकाराची चतुर्थी. लॅटिनमध्ये देबेओ, तेच. पाणिनीच्या अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात ही सूत्रं जवळजवळ बसलेली आहेत. ज्याने शाळेत संस्कृत घेतलं होतं त्याने इंग्रजी पुस्तकातली यादी घोकण्यापेक्षा ही सूत्रं उघडावीत.

रूपांतही तेच. पितृभ्यः आणि पात्रिबुस शेजारी ठेवा. मह्यम् आणि मिहि. तुभ्यम् आणि तिबि. संस्कृतात चतुर्थी आणि पंचमीचं अनेकवचन एकच असतं, लॅटिनमध्येही डेटिव्ह आणि अ‍ॅब्लेटिव्हचं अनेकवचन एकच. संस्कृतात अपवाद एवढाच : अस्मभ्यम् पण अस्मत्, युष्मभ्यम् पण युष्मत्.

कोल्हापुरी_रस्सा

आलं संस्कृत. सगळं आपल्याकडूनच गेलं म्हणा आता.

पाणिनीय_पोहे

तसं कुठे म्हटलंय? दोन्ही एकाच मूळ भाषेच्या लेकी आहेत. बहिणींचे चेहरे मिळतेजुळते असतात.

मांडवीकाठ

उलटं गेल्याचं एक उदाहरण मात्र आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातला) 1579 मध्ये गोव्यात आला. त्याने कोकणीचं व्याकरण लिहिलं, ते तो वारल्यावर 1640 मध्ये गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं. भारतीय भाषेचं ते पहिलं छापील व्याकरण मानतात. जेझुइटांचं सगळं शिक्षण लॅटिन व्याकरणावर झालेलं, त्यामुळे कोकणीच्या विभक्तीही त्याने लॅटिनच्या नावांनीच मांडल्या. आपली भाषा आधी लॅटिनच्या चष्म्यातून पाहिली गेली आणि आता रानजाई लॅटिन मराठीच्या चष्म्यातून बघतायत.

चिमणराव_पुणेकर

ते -बुस, -बुस वाचून आठवलं. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये सगळ्यांसाठी म्हणून घोडागाड्या सुरू झाल्या, त्यांना 'ओम्निबुस' म्हणत. ओम्निबुस म्हणजे 'सर्वांसाठी', डेटिव्ह अनेकवचन. पुढे लोकांनी डोकं छाटून शेपूट ठेवलं. आपण रोज एका विभक्तिप्रत्ययात बसून ऑफिसला जातो, तेही उभ्याने.

राइनकाठचा

चिमणराव, एक नंबर.

शब्दपिसाट

कुकर झाला. आता रानजाईंचं शेवटचं वाक्य, आणि माझ्या मते या धाग्यातला खरा माल इथेच आहे.

एपिस्तुला मिहि स्क्रिबेन्दा एस्त. इंग्रजी पुस्तक याला परका प्रयोग म्हणतं कारण इंग्रजीत 'मला' कर्त्याच्या जागी बसत नाही. आपल्याला यात परकं काय आहे?

मला चिठ्ठी लिहावी लागते.

शब्दाला शब्द. मिहि : मला. एपिस्तुला : चिठ्ठी. आणि गंमत पुढे आहे. एपिस्तुला स्त्रीलिंगी, म्हणून स्क्रिबेन्दा. चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून लिहावी. आता लिंग बदला :

लिबेर मिहि लेगेन्दुस एस्त. मला ग्रंथ वाचावा लागतो. लिबेर पुल्लिंगी, लेगेन्दुस. ग्रंथ पुल्लिंगी, वाचावा.

कार्मेन मिहि लेगेन्दुम एस्त. मला काव्य वाचावं लागतं. कार्मेन नपुंसकलिंगी, लेगेन्दुम. काव्य नपुंसकलिंगी, वाचावं.

आता कर्मच नसलेलं क्रियापद घ्या. मिहि एउन्दुम एस्त. मला जावं लागतं. जुळायला कुणीच नाही, तर लॅटिन नपुंसकलिंगी एकवचनात जाते आणि मराठीही तिथेच जाते. करणारा माणूस 'मला'मध्ये, क्रियापदाचं रूप कर्माशी जुळलेलं, कर्म नसेल तर नपुंसकलिंग. तीन लिंगं शाबूत ठेवलेल्या आपल्या भाषेला हे जन्मजात येतं. इंग्रज विद्यार्थ्याला महिनाभर झगडायला लागतं ते तुम्हाला चहा गाळेपर्यंत येईल.

रानजाई

अरे देवा. हे वाचून अक्षरशः उठून उभी राहिले. पण 'मला चिठ्ठी लिहायची आहे' असंही म्हणता येईल ना? तिथेही लिंग जुळतंच.

शब्दपिसाट

जुळतं, पण 'लिहायची आहे' मध्ये इच्छाही येते. 'मला आंबा खायचा आहे' ही सक्ती नाही, हौस आहे. लॅटिनचा प्रयोग फक्त सक्तीचा किंवा कर्तव्याचा. म्हणून 'लागतो' किंवा 'लागेल' घ्या. इच्छेसाठी लॅटिनमध्ये सरळ वोलो (मला हवंय) आहे आणि त्याचा कर्ता प्रथमेत.

आणखी एक सोपं. 'मला दोन भाऊ आहेत.' मिहि दुओ फ्रात्रेस सुन्त. पुस्तकात 'मालकीचा डेटिव्ह' म्हणून वेगळा धडा असेल. आपण नात्यांसाठी 'मला' आणि वस्तूंसाठी 'माझ्याकडे' म्हणतो, लॅटिनला दोन्हीकडे मिहि चालतं. मिहि लिबेर एस्त, माझ्याकडे पुस्तक आहे. नावासाठीसुद्धा : मिहि नोमेन एस्त...

राइनकाठचा

शब्दपिसाट, तुमच्या 'मला'वर मी जरा पाणी ओततो, नाहीतर रानजाई उद्यापासून दिसेल तिथे मिहि लिहितील. मराठीत 'मला' फार लांबवर पसरलेला आहे. मला भूक लागली, मला आठवतं, मला माहीत आहे. लॅटिनमध्ये यातलं एकही डेटिव्ह नाही. एसुरिओ, मेमिनि, स्किओ, सरळ 'मी'ची क्रियापदं. डेटिव्ह कुठे? मला आवडतं : मिहि प्लाकेत. मला वाटतं, म्हणजे तसं दिसतं : मिहि विदेतुर. मला मुभा आहे : मिहि लिकेत.

आणि सर्वांत वाईट खड्डा : मला लाज वाटते. मे पुदेत. मिहि नाही, मे. अक्युझेटिव्ह! मला पश्चात्ताप होतो, मे पाइनितेत. मला कंटाळा आलाय, मे ताइदेत. लाज, पश्चात्ताप, कंटाळा, दया, चीड या पाच भावना लॅटिनमध्ये माणसावर येऊन आदळतात.

तुमच्या निर्जीव चाचणीलाही एक भोक आहे. 'मित्राला मदत करतो' मध्ये मदत हे कर्म, म्हणून मित्राला चतुर्थी, बरोबर? लॅटिनमध्ये मदत करण्याची दोन क्रियापदं घ्या. आमिकुम युवो : अक्युझेटिव्ह. आमिको सुब्वेनिओ : डेटिव्ह. मराठी वाक्य तेच. 'हाक मारणे'चंही तसंच, मुलीला हाक मारतो पण लॅटिनमध्ये पुएल्लाम वोको.

शब्दपिसाट

मान्य. नाम अधिक करणे, मारणे, देणे अशा जोडक्रियापदांत चाचणी मराठी वाक्याबद्दल बोलते, लॅटिन क्रियापदाबद्दल नाही. तिथे शब्दकोशच बघायचा. चांगल्या लॅटिन शब्दकोशात प्रत्येक क्रियापदापुढे कोणती विभक्ती हे दिलेलं असतं. नवीन शब्द वहीत उतरवताना 'नोकेओ, इजा करणे' एवढंच न लिहिता 'नोकेओ, डेटिव्ह' असं लिहायची सवय लावा.

पाणिनीय_पोहे

डेटिव्हवाल्या क्रियापदांचा एक परिणाम कुणी सांगितला नाही. त्यांचा कर्मणी प्रयोग करता येत नाही. 'मुलीला पटवून दिलं गेलं' हे पुएल्ला पेर्सुआसा एस्त असं अभिजात लॅटिनमध्ये होत नाही. पुएल्लाइ पेर्सुआसुम एस्त. मुलगी डेटिव्हमध्येच राहते आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचन. आता आपला भावे प्रयोग आठवा : आईने मुलीला समजावलं. मुलगी स्त्रीलिंगी, आई स्त्रीलिंगी, तरी 'समजावलं'. कर्माला 'ला' लागला की क्रियापद कुणाचंच ऐकत नाही. दोन्ही रचना तंतोतंत एक नाहीत, पण कान तयार असतो.

अबोली_नाशिक

वाचनखूण साठवली. 'कुइ बोनो' हे पण यातलंच का? गुन्हेगारी कादंबऱ्यांत नेहमी दिसतं.

राइनकाठचा

हो, आणि तो दुहेरी डेटिव्ह आहे. कुइ : कुणाला. बोनो : फायद्यासाठी. दोन्ही डेटिव्ह. हे कुणाच्या फायद्याचं ठरलं? रोमन वकील सिसेरोने इ. स. पू. 80 मध्ये रोस्किउसवर बापाच्या खुनाचा आरोप होता त्या खटल्यात हे वापरलं, आणि लुकिउस कास्सिउस नावाचा जुना कडक न्यायाधीश हा प्रश्न नेहमी विचारायचा असं सांगितलं. पुष्कळ जण 'याचा काय उपयोग?' असा अर्थ घेतात, तो चुकीचा.

याच रचनेचं रोमन सेनापती सीझरच्या पुस्तकातलं वाक्य देतो, कारण रानजाईंच्या पुस्तकात सीझर येणारच. इ. स. पू. 58, जर्मन सरदार अरिओविस्तुसशी लढाई. सीझरच्या डाव्या बाजूच्या सैन्याची पीछेहाट व्हायला लागते. ते तरुण क्रॅससच्या लक्षात येतं. क्वि एक्वितातुइ प्राइएरात, जो घोडदळाचा प्रमुख होता. तो काय करतो?

तेर्तिआम आकिएम लाबोरान्तिबुस नोस्त्रिस सुब्सिदिओ मिसित.

मिसित, पाठवली. काय पाठवली? तेर्तिआम आकिएम, तिसरी फळी. कुणाला? लाबोरान्तिबुस नोस्त्रिस, आमच्या अडचणीत आलेल्यांना. कशाला? सुब्सिदिओ, मदतीला. मराठीत करा : 'आमच्या अडचणीत आलेल्या लोकांच्या मदतीला तिसरी फळी पाठवली.' मराठीचा 'मदतीला' म्हणजे सुब्सिदिओच! फरक एवढाच की आपण 'लोकांच्या' म्हणतो, लॅटिन त्यांनाही डेटिव्हमध्येच ठेवते. 'उपयोगाला येणे' : उसुइ एस्से. तेच.

आणि एक्वितातुइ सुटायला नको. प्राइ, ओब, सुब, आद असे उपसर्ग लागलेली पुष्कळ क्रियापदं डेटिव्ह घेतात. प्राइएस्से म्हणजे एखाद्याच्या वर असणे, प्रमुख असणे.

वसईचो_पोरगो

रोमन थडग्यांवर 'दि. मा.' अशी दोन अक्षरं असतात, ती 'दिस मानिबुस' ची. पितरदेवतांना. तोही डेटिव्ह. आपल्याकडे 'श्री गणेशाय नमः' लिहितात तसंच.

रानजाई

सगळ्यांना दंडवत. वही भरली. आता कुणीतरी परीक्षा घ्या.

शब्दपिसाट

घ्या मग. लॅटिनमध्ये करा :
मी मुलांना गोष्ट सांगतो. आम्ही नदीला जातो. सैनिक शत्रूला इजा करतो. मला लाज वाटते. मला उद्या बाजारात जावं लागेल. सेनापती सैनिकांना थांबायचा हुकूम देतो.

रानजाई

पुएरिस फाबुलाम नार्रो.
आद फ्लूमेन इमुस.
मिलेस होस्ति नोकेत.
मे पुदेत. (राइनकाठचा, धन्यवाद, खड्डा चुकवला.)
क्रास मिहि इन फोरुम एउन्दुम एरित.
शेवटचं नक्की नाही. कोशात हुकूम देण्याची दोन क्रियापदं दिसली, इम्पेरो आणि युबेओ. मी इम्पेरो घेतलं : इम्पेरातोर मिलितिबुस इम्पेरात... पुढे 'थांबायचा' कसं लावायचं?

शब्दपिसाट

पहिली पाच बरोबर. 'फोरुम'आधी इन आणि अक्युझेटिव्ह घेतलंत, 'एउन्दुम एरित' मध्ये भविष्यकाळ घेतलात. बढिया.

राइनकाठचा

शेवटचं दोन्हीने होतं, फक्त विभक्ती बदलते. इम्पेरो घेतलं तर माणसं डेटिव्हमध्ये आणि पुढे 'उत' लावून उपवाक्य : इम्पेरातोर मिलितिबुस इम्पेरात उत कोन्सिस्तान्त. युबेओ घेतलं तर माणसं अक्युझेटिव्हमध्ये आणि क्रियापदाचं मूळ रूप : इम्पेरातोर मिलितेस कोन्सिस्तेरे युबेत. सीझर युबेओ जास्त वापरतो, त्यामुळे ते आधी पक्कं करा.

कोल्हापुरी_रस्सा

आणि ज्या बायकोला हुकूम द्यायचाय तिला कुठली विभक्ती?

अबोली_नाशिक

संबोधन. आणि शेवटी प्रश्नचिन्ह.